गाडी वाजली की बाहेर

मोठ्या बाईंना चोराचा आणि भूकंपाचा सारखाच राग होता. "दोघंही न विचारता येतात," त्या म्हणायच्या, "आणि दोघांनाही शाळेची वेळ कळत नाही."

वेवजीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला जवळजवळ टेकलेल्या एका पाड्यावर आमची शाळा आहे. मी तिथे शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले तेव्हा बाई मुख्याध्यापक होत्या. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणायची, पाडाही तेच म्हणायचा. त्या मला 'इंग्लिश' म्हणायच्या. मी डहाणूच्या इंग्लिश मिडियममधून आलेली, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, कारण फळ्यावर मराठीत तारीख लिहिताना मी जरा थांबले होते. "ए इंग्लिश, थांबू नकोस," त्या दारातून म्हणाल्या. "चुकलं तर खडू आहे, डस्टर आहे. थांबलं की मुलांना वास येतो."

बाई साडी नेसून मोटरसायकल चालवत. स्कूटर नाही, गिअरची मोटरसायकल. साडीच्या आत मुलांच्या खेळाची निळी ट्रॅकपँट, पायात कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला आवळलेला आणि डोक्याला लाल हेल्मेट. डहाणूहून बोर्डीमार्गे रोज यायच्या. मीही त्यांच्या मागे बसून येऊ लागले. एका बाजूला समुद्र, मग चिकूच्या वाड्या, मग थोडा रस्ता गुजरातचा आणि पुन्हा महाराष्ट्र. शाळेत मी फारशी बोलत नसे. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं तर उत्तर द्यायचे, तेही खाली बघून. गाडीवर मात्र बोलायचे. समोर चेहरा नसतो, नुसतं लाल हेल्मेट असतं, आणि निम्मे शब्द वारा घेऊन जातो, त्यामुळे सोपं जातं. काय काय बोलले ते इथे सांगत नाही. बाईंनी तरी किती ऐकलं असेल, देव जाणे. अधूनमधून त्या हेल्मेट हलवायच्या. ते मला होकारासारखं वाटायचं. कदाचित खड्डा असेल.

आमच्या भागात काही वर्षांपासून जमीन हलते. रोज नाही, पण हलते. आधी पोटात गुरगुरल्यासारखा आवाज येतो, मग भांडी वाजतात. सुरुवातीला लोक अंगणात ताडपत्री बांधून झोपले. नंतर सवय झाली, पण भिंतीवरचा विश्वास काही परत आला नाही. कितीतरी आयांनी मुलांना शाळेत पाठवणं बंद केलं. घर कुडाचं, पडलं तरी अंगावर माती येईल. शाळा सिमेंटची.

म्हणून बाई रोज सकाळी प्रार्थनेआधी शाळेच्या सगळ्या भिंती बोटाच्या सांध्याने ठोकून बघत. कान लावून, डोळे मिटून. मग मुलांकडे वळून जाहीर करायच्या, "आज भिंत बरी आहे." चौथीच्या वर्गात छताचा गिलावा फुगला होता. तिथे त्या वर बघून नुसतं "हं" म्हणायच्या, आणि चौथीचा वर्ग व्हरांड्यात भरायचा. पाऊस किंवा कडक ऊन असेल तरच मुलं आत.

घाबरू नका असं त्या मुलांना कधीच सांगत नसत. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "घाबरायचं. खुशाल घाबरायचं. पण ओळीत घाबरायचं."

मी हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं. मग लक्षात आलं की मुलं हसत नव्हती. ती ओळीत उभी होती.

त्यांची आधीची मोटरसायकल तलासरीच्या बाजारातून चोरीला गेली. बाई वांगी निवडत होत्या, गाडी रस्त्याकडेला होती. वांगी निवडून झाली आणि गाडी नव्हती. हद्द इतकी जवळ की तक्रार लिहून होईपर्यंत गाडी दुसऱ्या राज्यात. त्यानंतर नवी येईपर्यंत बाई शेअरच्या मॅजिक टेम्पोने यायच्या, आणि त्या गच्च भरलेल्या मॅजिकमध्येही हेल्मेट घालून बसायच्या. शेजारच्या कोंबडीवाल्याने एकदा विचारलं, "बाय, हे कशाला?"

"गाडी गेली. डोकं आहे ना अजून?"

बाई लग्न न करता भावाच्या घरी राहत होत्या, डहाणूच्या खाडीजवळ. भावाची मासेमारीची बोट. दादा म्हणजे आवाजाने भरलेला माणूस. घरातही समुद्रावर असल्यासारखा बोलायचा. नवी मोटरसायकल घ्यायची वेळ आली तेव्हा मी तिथे होते, वहिनींनी दिलेला चहा हातात धरून.

"घे, नवी घे," दादा म्हणाला. "पण एक सांगतो गो. ही पण गेली, तर तू बदली मागायची. डहाणूत काय शाळा नाहीत? इतक्या लांब, त्या हलणाऱ्या जमिनीवर, रोज जीव टांगून जायचं. आम्ही इकडे वाट बघायची. बस झालं."

"आणि नाही गेली तर?"

"नाही गेली तर निवृत्त होईपर्यंत तिकडेच मर. मी तोंड उघडणार नाही."

"ठरलं," बाई म्हणाल्या.

बाई शब्द पाळतात, हीच तर पंचाईत होती. चहा माझ्या हातात गार झाला. ही गाडी गेली की बाई जाणार, शाळेत मी उरणार, आणि पुन्हा कुणाशी बोलायचं असेल तर समोर चेहरा असणार.

नव्या गाडीला नंबर मिळताच बाई तिला तलासरी नाक्यावर घेऊन गेल्या, अलार्म बसवायला. मला मुद्दाम बरोबर घेतलं, कारण अलार्मच्या खोक्यातला कागद इंग्रजीत असतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. दुकानदार गुजराती, तिन्ही भाषा एका वाक्यात बोलणारा. त्याने सीट काढली, आतल्या वायरी बाहेर ओढल्या. तर बाई गाडीचं हँडल धरून उभ्या.

"बेन, तुम्ही बसा ना खुर्चीवर. वेळ लागेल."

"ऑपरेशन करताना पेशंटजवळ घरचं माणूस लागतं."

"पेशंट बेशुद्ध आहे, बेन!"

"म्हणून तर."

मग मला म्हणाल्या, "इंग्लिश, वाच." मी कागद वाचायला लागले. तो चिनी इंग्रजीचा होता, पण अर्थ लागत होता: लाल वायर बॅटरीला, काळी बॉडीला, छोटा भोंगा पाणी लागणार नाही असा आत. दुकानदार म्हणाला, "बेन, जरा जोरथी. रस्त्यावर ट्रक चाललेत." मी जोर लावला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हा तुझा जोर? मग हळू कसं बोलतेस, खुणेने?" दुकानदार हसला. मीही हसले. मला वाटतं अनोळखी माणसासमोर मी तेव्हा पहिल्यांदाच दात दाखवून हसले असेन.

शेवटी त्याने एक बारीक स्क्रू दाखवला. तो फिरवला की अलार्म कमीजास्त जागा राहतो. कमी ठेवला तर गाडी जोरात हलवल्यावरच वाजणार, जास्त ठेवला तर जरा धक्क्याने.

"पूर्ण जास्त," बाई म्हणाल्या.

"बेन, मांजर बसली तरी वाजेल."

"वाजू दे. मांजरीलाही कळलं पाहिजे ही कुणाची गाडी आहे."

"ट्रक गेला तरी वाजेल!"

"आमच्या पाड्यावर ट्रक येत नाही. मागच्या बाकावर कुणी ओठ हलवला तर मला ऐकू येतं. माझी गाडी माझ्यापेक्षा बहिरी नको."

त्याने हात जोडले आणि स्क्रू शेवटपर्यंत फिरवला. रिमोटचं बटण दाबलं, भोंगा एकदा चिरकला, नाक्यावरची कुत्री पळाली. बाईंचा चेहरा असा उजळला की जणू वर्गातल्या सगळ्यात मुक्या मुलाने कविता म्हणून दाखवली.

त्यानंतरचे दिवस मी विसरणं शक्य नाही. गाडी कशानेही वाजायची. कावळा बसला, वाजली. शेळीने अंग घासलं, वाजली. गणिताच्या तासाला सातवीतल्या कुणीतरी खिडकीतून चिकू मारला, वाजली. प्रत्येक वेळी बाई हातात असेल ते घेऊन धावायच्या, आणि हातात बहुतेक डस्टर असायचा.

आणि एका दुपारी ती वाजली तेव्हा तिथे कावळा नव्हता, शेळीही नव्हती. त्या दिवशी ऊन इतकं होतं की चौथीचा वर्ग आत भरला होता.

"चोर!" बाई ओरडल्या आणि निघाल्या. चोर बघायला मिळणार म्हणून सगळी शाळा त्यांच्यामागे. चौथीचा वर्ग तर दारात अडकून एकदम बाहेर सांडला. मी पहिली-दुसरीच्या मुलांना घेऊन शेवटी. बाहेर कुणीच नव्हतं. गाडी एकटीच उभी राहून बोंबलत होती. बाई तिच्याभोवती फिरल्या, खाली वाकून बघितलं, आणि तेवढ्यात पायाखालून ती गुरगुर आली. जमीन हलली. व्हरांड्याचे पत्रे थरथरले. चौथीच्या वर्गातून धप्पकन आवाज आला.

मग सगळं शांत झालं. बाईंनी रिमोट दाबला. आम्ही दारातून पाहिलं. फुगलेला गिलावा बाकांवर पडला होता. जिथे पडला होता तिथे मघाशी मुलं बसली होती.

मग दुसरीतली एक मुलगी, माझं बोट धरलेली, म्हणाली, "बाई, गाडीला आधी कळला."

संध्याकाळपर्यंत ही बातमी पाड्यावरच्या प्रत्येक चुलीपाशी पोचली. बाईंना ते अजिबात आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना नि जमलेल्या आयांना समोर बसवून सांगितलं, "तिला कळत बिळत काही नाही. मोठा धक्का यायच्या आधी बारीक थरथर येते. आपल्या पायाला ती लागत नाही, तिला लागली. पुढच्या वेळी ती वाजेलच असं नाही. गुरगुर ऐकलीत तरी बाहेर, भांडी वाजली तरी बाहेर. आणि गाडी वाजली तरी बाहेर."

लोकांनी यातलं शेवटचं तेवढं लक्षात ठेवलं.

त्या दिवसापासून गाडी मैदानाच्या मधोमध उभी राहू लागली, झाडापासून, खांबापासून, भिंतीपासून लांब. नियम ठरला. गाडी वाजली की दप्तर डोक्यावर, ओळीत बाहेर, गाडीभोवती गोल करून बसायचं, तळहात जमिनीला लावायचा. जमीन गप झाली की उठायचं. जवळच्या घरांतली माणसंही यायची, बाया पोरं कडेवर घेऊन, म्हातारे काठी टेकत. यायची बंद झालेली मुलं परत यायला लागली. एका आईने तर मुलाला सोडताना गाडीच्या पुढच्या चाकाला हात लावून नमस्कार केला. अर्थातच गाडी वाजली, आणि आम्ही सगळे बाहेर येऊन बसलो.

मी एकदा गाडीवर मागून विचारलं, "बाई, दर वेळी कशाला? शेळी होती हे दिसत होतं."

"दिसत होतं तुला. पहिलीच्या पोराने खिडकीपर्यंत जाऊन शेळी आहे का भूकंप आहे हे बघत बसायचं?" हेल्मेट हललं. "खोटी तर खोटी. तेवढीच ओळ पक्की होते."

दादाला हे कळलं तेव्हा तो खाडीवर ऐकू जाईल असा हसला. "चोरासाठी लावलं नि भूकंप धरला! आता भूकंपासाठी काय लावशील, कुत्रा?" पण अट अटच होती. प्रत्येक वेळी आम्ही पोचलो की तो आधी गाडीकडे बघायचा, मग बहिणीकडे.

आता त्या दिवसाचं. थंडीचे दिवस, मधली सुट्टी होऊन गेलेली. मी दुसरीला मराठी वाचायला देत होते. गाडी वाजली. दप्तरं डोक्यावर गेली, ओळ लागली. मी मुलांना घेऊन बाहेर आले. चौथी, पाचवी, सातवी, सगळ्या ओळी मैदानाकडे निघाल्या होत्या, पाड्यावरून माणसंही निघाली होती, आणि गाडीवर एक माणूस बसलेला होता.

तरुण होता, तोंडाला रुमाल बांधलेला. रस्त्याकडे दुसरा एक मोटरसायकल चालू ठेवून उभा होता. त्याने ही सगळी शाळा येताना पाहिली आणि तो निघूनच गेला. गाडीवरचा मात्र अडकला. उतरावं की पळावं हे ठरायच्या आत मुलं त्याच्याभोवती गोल करून बसली. त्यांच्यामागे मोठी मुलं, मग बाया, मग म्हातारे. सगळ्यांनी तळहात जमिनीला लावले. त्याला असं कधी कुणी घेरलं नसेल: कुणी ओरडत नाही, कुणी मारत नाही, सगळे डोक्यावर दप्तर घेऊन खाली बघतायत.

बाई नेहमीप्रमाणे शेवटी आल्या, सगळे वर्ग रिकामे झाले का ते बघून. त्यांनी रिमोट दाबून आवाज बंद केला, आणि त्या माणसाला पाहून म्हणाल्या, "अरे, उंच काय बसलास? उतर खाली! धक्का येतोय. हात डोक्यावर घे."

तो उतरला. खाली बसला. हात डोक्यावर घेतले.

"रस्त्याने चालला होतास का? बरं केलंस मैदानात आलास. लोक झाडाखाली उभे राहतात, वेड्यासारखे."

"हां बेन," तो रुमालातून म्हणाला.

मी माझ्या मुलांच्या मागे बसले होते, आणि तिथून मला गाडीचं कुलूप दिसत होतं. त्यात किल्ली नव्हती. त्यात एक स्क्रूड्रायव्हर होता. लाल मुठीचा, वाकडा रुतलेला. बाईंची किल्ली बाईंच्या कमरेला होती. माझ्या छातीत इतकं धडधडायला लागलं की खरंच धक्का आला की काय असं मला क्षणभर वाटलं.

थोडा वेळ गेला. तो माणूस उठला. "बेन, गाडी उन्हात आहे. मी सावलीत लावून देतो."

"लाव बाबा," बाई म्हणाल्या. त्यांचं सगळं लक्ष ओळींकडे होतं. "मुलांनो, जरा वाट द्या त्याला."

मुलं सरकायला लागली. माझ्या समोरून रस्त्यापर्यंत एक फट तयार होत होती. बाईंना हाक मारायला तोंड उघडलं, आवाज आलाच नाही. मग माझ्याकडून जे झालं ते हसण्यासारखं आहे. मी हात वर केला. शाळेत करायचो तसा, बोट वर करून.

बाईंनी पाहिलं. "बोल, इंग्लिश."

सगळे माझ्याकडे वळले. सगळे चेहरे.

"बाई," मी म्हटलं, आणि आवाज आला, फाटलेला पण मोठा, "धक्का बसलाच नाही. जमीन हललीच नाही. त्या कुलपात बघा!"

बाईंनी आधी वाकून स्वतःचा तळहात जमिनीला लावला. अशाही वेळी. मग कुलपात पाहिलं. मग त्या माणसाकडे. त्यांच्या तोंडावर मी जे पाहिलं तो राग नव्हता. ती शिक्षिकेची, मागच्या बाकावरचा पोरगा सापडल्यावरची प्रसन्नता होती.

"कुणी उठायचं नाही," त्या हळू म्हणाल्या. "वाट बंद करा."

फट मिटली. बाई येऊन गाडीच्या पुढच्या चाकासमोर मांडी घालून बसल्या. "रुमाल काढ. कुठल्या शाळेत होतास तू?"

त्या प्रश्नाने तो जो बिथरला! पोलिसाचं नाव काढलं असतं तर थांबलाही असता कदाचित. त्याने गाडी सोडली, मुलांच्या डोक्यांवरून, दप्तरांवरून उड्या मारत शेतात शिरला. एक चप्पल आमच्याकडे राहिली. मग जो आरडाओरडा झाला! मुलं नाचत होती, बाया हसून हसून डोळे पुसत होत्या, एक आजोबा शेताकडे काठी उगारून म्हणत होते, "ये, परत ये, तुला बसवतू ओळीत!" आणि बाई ओरडत होत्या, "दप्तरावर पाय दिला त्याने! विद्येवर पाय दिला!"

त्या संध्याकाळी बोर्डीच्या रस्त्याने आम्ही किंचाळत आलो. दोघी. मी मागून आणि त्या पुढून. कुलूप मोडलं होतं, गाडी वायर जोडून चालू केलेली. बोर्डीच्या किनाऱ्यावर फिरायला आलेले लोक वळून बघत होते.

दादा अंगणात जाळं शिवत होता. नेहमीसारखं आधी गाडीकडे पाहिलं, आणि मोडकं कुलूप त्याला दिसलंच.

"हे काय?"

बाई गप्प. शब्द दिलेला होता ना. त्यांचं तोंड पहिल्यांदाच बंद पाहत होते मी. म्हणून मीच सांगितलं. सगळं. दुसरीच्या वर्गापासून चपलेपर्यंत, उभी राहून, हातवारे करून. मधे वहिनी बाहेर आल्या, शेजारच्या दोघी कुंपणाशी आल्या. मी थांबले नाही.

दादाने सुई खाली ठेवली. "ही बोलते?"

"बोलते," बाई म्हणाल्या. "ओळ लागली की बोलते."

"ते असू दे. चोर आला होता, म्हणजे गाडी गेल्यातच जमा. अट म्हणजे अट."

"गाडी गेली नाही," मी म्हटलं. "गाडी ही बघा, उभी आहे."

"ही?" दादा उठला. "आता हिच्यात काय राहिलंय!" आणि त्याने मागच्या चाकाला एक लाथ मारली.

गाडी वाजली.

मला विचार करायला वेळच मिळाला नाही. भानावर आले तेव्हा मी अंगणाच्या मधोमध बसलेली होते, पर्स डोक्यावर. शेजारी बाई, हेल्मेट तसंच. दोघींचे तळहात जमिनीला. कुंपणापलीकडून एक शेजारीण म्हणाली, "अगो बाय!"

दादाने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे, एकदा माझ्याकडे. भोंगा चालूच होता.

"राहा," तो शेवटी म्हणाला. "तिकडेच राहा तुम्ही दोघी. इकडे आणलं तर सगळ्या डहाणूला खाली बसवाल."

बाईंनी वर पाहिलं नाही. "इंग्लिश," त्या म्हणाल्या, "जमीन बघ."

मी तळहात जरा दाबला. जमीन गप होती. आणि आता दादाही.